आवरून जा

भुसानानांच्या हाताला नाव ठेवणारा माणूस त्यांच्या धंद्यात अजून कुणी पाहिला नव्हता. त्यांनी बसवलेलं कपाटाचं दार बोटाने ढकललं, की साहेबासमोरच्या कारकुनासारखं निमूट मिटायचं. खण ओढला तर कुरकुर नाही, सोडला तर आदळआपट नाही. लोकांना जे काही म्हणायचं असायचं ते त्यांच्या पायांपाशी बघून म्हणायचे. नाना जिथे उभे राहत तिथे दहा मिनिटांत भुसा, छिलपे, फळ्यांचे तुकडे, स्क्रू आणि अर्धवट प्यालेले चहाचे कप यांची एक वस्ती उभी राहायची. संध्याकाळी नाना घरी जायचे. वस्ती जायची नाही.

यामागे त्यांचं एक तत्त्व होतं. उद्या यायचंच आहे. जे उद्या पुन्हा बाहेर काढायचं ते आज आत कशाला ठेवा? तत्त्व तसं बिनतोड होतं, फक्त त्यात शेवटच्या दिवसाची सोय नव्हती. शेवटच्या दिवशी नाना म्हणायचे, "काम तर झालं, आता काय." आणि हत्यारांची पिशवी खांद्याला लावून निघून जायचे. मागे घरातल्या बाईमाणसांनी आठवडाभर भुसा काढायचा आणि कपाटाची तारीफ करायची. आईवडिलांनी ठेवलेलं नाव कागदपत्रांपुरतं उरलं होतं. धंद्यात ते भुसानाना, आणि त्यांना स्वतःला ते नाव पदवीसारखं वाटायचं.

अशा नानांना मुद्रितशोधक मावशींच्या स्वयंपाकघराचं काम मिळालं.

मावशी चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होत्या. पुस्तक छापून बाहेर पडायच्या आधी त्यातल्या चुका पकडायच्या, हे त्यांचं काम. लोकांच्या चुका शोधता शोधता डोळे गेले, असं त्या स्वतः सांगत. डॉक्टर दुसरं काहीतरी सांगत, पण ते वाक्य फार लांब होतं. आता त्यांना उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्यात त्या एकट्या राहत होत्या, आणि कुठल्याही डोळसाइतक्याच वेगाने वावरत होत्या. फक्त स्वयंपाकघरातल्या जुन्या कपाटांची दारं बाहेर उघडणारी होती. हिवाळ्यात असंच एक उघडं राहिलेलं दार त्यांच्या कपाळावर आलं, तोल गेला आणि मनगट मोडलं. म्हणून बाहेर उघडणारी दारं काढून सरकती दारं बसवायची होती. काम आठ दिवसांचं.

पहिल्या दिवशी मावशींनी नानांना चहा दिला, कपाटं दाखवली, आणि एकच गोष्ट सांगितली.

"मिस्त्री, संध्याकाळी आवरून जा."

"हो मावशी, त्याची काळजीच नको," नाना म्हणाले.

पाच वाजता नानांनी खरोखरच आवरलं. न्हाणीघरात जाऊन साबणाने हात-तोंड धुतलं, केसांतला भुसा झटकून भांग पाडला, कामाचा सदरा काढून इस्त्रीचा घातला. दारातून म्हणाले, "येतो मावशी. आवरलं." आणि गेले. स्वयंपाकघराच्या दारात दोन स्टुलांवर एक आडवी फळी होती. ती तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना आले तेव्हा मावशी खुर्चीवर बसल्या होत्या. एका नडगीवर पट्टी होती.

"मिस्त्री, काल मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"आवरून जा म्हणालात."

"मग?"

"आवरूनच गेलो की. सदरासुद्धा बदलला."

मावशींनी नडगीवरची पट्टी चाचपली. चाळीस वर्षांत त्यांनी नाना प्रकारच्या चुका पाहिल्या होत्या, पण ही त्यांना नवीन असावी.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "वाक्यात कर्म नव्हतं."

"कर्म ज्याचं त्याच्याबरोबर असतंच मावशी. ते वाक्यात कशाला घालायचं?"

"काय आवरायचं, ते कर्म. तुम्ही स्वतःला आवरलंत. मला खोली आवरलेली हवी होती."

नानांनी फळीकडे पाहिलं, मग पट्टीकडे पाहिलं, आणि त्यांना प्रथमच ती फळी दारात आडवी दिसली. आदल्या दिवशी ती फक्त सोयीची दिसली होती.

"लागलं का फार?"

"लागलं ते जाऊ दे. पडले नाही, चौकट हाताला आली. तेवढ्यावर निभावलं." मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचा मुलगा दुसऱ्या गावात एका मोठ्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. मनगट मोडल्यापासून तो मागे लागला होता की आता आमच्याकडेच राहायला ये. मावशी नको म्हणत होत्या. शेवटी सौदा ठरला. स्वयंपाकघराचं काम चालू असताना त्या घरातच राहतील. पण त्या आठ दिवसांत एकदा जरी पडल्या, तरी विषय संपला. मग सामान बांधायचं आणि कायमचं मुलाकडे जायचं. "रोज साडेसातला फोन करतो. काल विचारलं, पडलीस का. मी नाही म्हणाले. धडकलीस का, असं विचारलं असतं तर पंचाईत होती. मी खोटं बोलत नाही."

"आणि मुलाकडे काही त्रास आहे का?" नानांनी विचारलं. त्यांना वाटलं, असेल काही घरगुती.

"कसला त्रास? सून लाख चांगली आहे. माझ्यासाठी वरची खोली काढून ठेवलीय, मोठ्या खिडकीची. मला खिडकीचा काय उपयोग, ते सोडा. पण तिथे मला पाणी प्यायचं झालं तर कुणाला तरी हाक मारावी लागते. इथे मी उठते आणि पिते."

"मग हे काम होईपर्यंत तरी जाऊन यायचं."

"घरात नसताना काम झालं, तर परत येईन ते कुणाच्या घरात? कुठे काय बसवलंय, कुठला खण कुठे गेलाय, मला काही कळायचं नाही. मी समोर असतानाच व्हायला हवं."

नानांनी आधी ती फळी उचलली आणि भिंतीला उभी केली. आयुष्यात नानांनी कामाच्या सुरुवातीला काही उचलून ठेवल्याची ही पहिलीच वेळ असावी.

त्या दिवशी संध्याकाळी पाऊण तास आधी काम थांबवून नानांनी झाडू मागून घेतला. झाडलं, फळ्या एका कोपऱ्यात लावल्या, हत्यारं पिशवीत घातली. मग मावशी आल्या आणि चपला बाहेर काढून अनवाणी स्वयंपाकघरात शिरल्या. एका भिंतीपासून सुरुवात करून, पाऊल घासत, ओळीमागून ओळ घ्यावी तशा त्या समोरच्या भिंतीपर्यंत गेल्या, वळल्या, पुन्हा आल्या. नाना ओट्याला पाठ टेकवून उभे होते. शाळेत असताना गणिताची वही तपासली जायची तेव्हा ते असेच उभे राहत.

मावशी तीनदा थांबल्या, तीनदा वाकल्या, आणि नानांच्या तळहातावर तीन स्क्रू ठेवले.

"एका पानात तीन," त्या म्हणाल्या. "पहिल्या खेपेला ठीक आहे."

नाना तळहातावर स्क्रू घेऊन घरी गेले. मनातून त्यांना फार लागलं होतं. तीस वर्षांत त्यांच्या कामात कुणी सुताएवढी फट काढली नव्हती, आणि आज डोळ्यांनी न दिसणाऱ्या बाईने पायाने तीन चुका काढल्या होत्या. जेवताना त्यांनी बायकोला विचारलं, "आवरायचं म्हणजे नेमकं करायचं काय असतं?"

बायकोने पळी खाली ठेवली आणि उलट्या हाताने त्यांचं कपाळ तपासलं.

"ताप नाही," ती म्हणाली. "मग काय झालं?"

नानांनी सांगितलं. सांगून झाल्यावर ती थोडा वेळ हसली, आणि मग हसायची थांबली, कारण तिला पट्टीचं कळलं होतं.

"अहो, सत्तावीस वर्षं मी हेच सांगतेय. घरात, अंगणात, तुमच्या त्या सुतारखान्यात. तेव्हा नाही कधी विचारलंत."

"तेव्हा कुणी पडत नव्हतं."

"मी पडले होते. तुमच्या रंध्यावरून. तुम्ही आधी रंधा बघितलात, त्याची धार गेली का म्हणून."

नानांना ते आठवलं. धार गेली नव्हती.

"ऐका," बायको म्हणाली. "ज्या वस्तूची जागा ठरलेली असते तीच आवरता येते. तुमच्या वस्तूंना जागाच नसते. पडतील तिथे राहतात, तुमच्यासारख्या." एवढं बोलून ती उठली आणि एक जुनी चादर आणून दिली. कापायचं ते या चादरीवर कापायचं, संध्याकाळी चार टोकं उचलायची, झालं. नाना चादरीकडे असं बघत राहिले जणू तिने वीज शोधून काढली होती.

तिसऱ्या दिवशी नानांनी मनावर घेतलं. नानांचं मनावर घेणं हा प्रकार जपूनच हाताळायला हवा होता, पण ते तोपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं, कारण तसा प्रसंग आला नव्हता. चादर अंथरली. चादरीवर कापलं, चादरीवर तासलं, चार टोकं उचलून भुसा पोत्यात रिकामा केला. जमीन दोनदा झाडली, एकदा ओल्या फडक्याने पुसली. तरी पाचच वाजले होते आणि अंगात उत्साह शिल्लक होता. मग त्यांची नजर फळीवरच्या डब्यांवर गेली. बावीस डबे होते आणि कशाचा कशाला मेळ नव्हता. बुटक्यापाशी उंच, उंचापाशी चपटा. नानांनी ते उंचीप्रमाणे लावले, शाळेत कवायतीला उभं करतात तसे. रस्त्यात येणारं स्टूल टेबलाखाली सारलं. बरण्यांची लेबलं एका दिशेला केली. मावशींनी अनवाणी फेरी घेतली आणि एकही स्क्रू सापडला नाही.

"उत्तम," मावशी म्हणाल्या. नाना जिना उतरताना शीळ घालत होते.

चौथ्या दिवशी सकाळी मावशींनी त्यांना चहा दिला. नानांनी घोट घेतला आणि तसाच तोंडात धरून ठेवला, कारण गिळवेना आणि यजमानांच्या घरात थुंकता येईना.

"कसा झालाय?" मावशींनी विचारलं.

नानांनी कसाबसा गिळला. "मीठ आहे, मावशी."

"मला ठाऊक आहे. मीही प्यायले. तिसरा डबा साखरेचा. तीस वर्षं तिसरा डबा साखरेचा. आणि पहाटे स्टुलावर बसायला गेले तर स्टूल नव्हतं. टेबलाची कड धरली म्हणून आज तुमच्याशी बोलतेय."

नाना कप हातात घेऊन उभे राहिले. काल त्यांनी आयुष्यातली सर्वांत मोठी साफसफाई केली होती आणि तिने म्हातारीला जवळजवळ घराबाहेर काढलं होतं. पसारा परवडला असता.

"मिस्त्री, रागावले नाहीये," मावशी म्हणाल्या. "आमच्याकडे एक नवा मुलगा लागला होता, तुमच्यासारखाच हौशी. चुका दुरुस्त करायला दिल्या तर वाक्यंच सुधारून ठेवायचा. लेखक छापखान्यात येऊन बसला होता दिवसभर. आपण चूक काढायची असते, मजकूर बदलायचा नसतो. हे डबे माझा मजकूर आहे."

"मग नीट लावायचं म्हणजे?"

"नीट नाही लावायचं. होतं तसं लावायचं. आवरणं म्हणजे तुम्ही येऊन गेलात हे कळता कामा नये."

हे वाक्य नानांना जड गेलं. आपण येऊन गेलो हे कळावं म्हणूनच तर माणूस कारागिरी करतो. पण मीठ अजून जिभेवर होतं. त्या दिवशी सकाळचे दोन तास मावशी सांगत गेल्या आणि नाना बावीस डबे एकेक करून मूळ जागी ठेवत गेले. मग त्यांनी कानामागची पेन्सिल काढली. स्टुलाच्या चार पायांभोवती जमिनीवर चार गोल काढले. टेबलाच्या पायांभोवती काढले. सुरी कुठे, चिमटा कुठे, गाळणं कुठल्या खिळ्याला, सगळ्यांच्या कडा ओट्यावर आणि भिंतीवर उमटल्या. स्वयंपाकघर गुन्हा घडलेल्या जागेसारखं दिसू लागलं. पण संध्याकाळी प्रत्येक वस्तू आपल्या रेघेत परत जाऊन बसली. मावशींनी हात फिरवून पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. त्यांच्याकडे काही न बोलणं म्हणजे पूर्ण गुण, एवढं नानांना आता कळू लागलं होतं.

राहिला प्रश्न दिवसाचा. काम चालू असताना मावशींना पाणी लागायचं, गोळी घ्यायची असायची, आणि तेव्हा तर सगळं बाहेर मांडलेलं. त्यावर मावशींनीच तोड काढली. छापखान्यात एकजण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा, स्वल्पविरामासकट, आणि दुसरा छापलेला कागद तपासायचा. "तसं वाचा," त्या म्हणाल्या. "मी उंबऱ्यात आले की समोर काय आहे ते वाचा. काही गाळू नका, काही पदरचं घालू नका."

पहिल्यांदा वाचताना नाना घामाघूम झाले, कारण त्यांच्या लक्षात आलं की आपली हत्यारं कुठे आहेत हे आपल्यालाच माहीत नाही. करवत म्हणाले तिथे काटकोन तपासायचा गुण्या निघाला. पाचव्या दिवशी बरं जमलं. सहाव्या दिवशी नाना एकदाही हत्यार शोधत बसले नाहीत आणि दुपारी तीनलाच त्या दिवसाचं काम उरकलं. रोज आपले दोन तास हत्यारं शोधण्यात जात होते, हा हिशेब त्यांनी मनात केला, पण बायकोला सांगितला नाही. तिला तेवढं सुख एकदम देणं त्यांना बरं वाटेना.

सातव्या दिवशी दुपारी मुलगा आला.

तो नवव्या दिवशी यायचा होता. पण कारखान्यातही तो पाहणीची तारीख कधी कळवत नसे. कळवली की सगळे हेल्मेट घालून बसतात. घराची एक किल्ली त्याच्याकडे होती. त्याने दार उघडलं, आत आला, चाकांची बॅग दाराच्या आतल्या बोळात सोडली आणि हात धुवायला न्हाणीघरात गेला. बाहेरच्या खोलीत रेडिओ ऐकत बसलेल्या मावशींना कडीचा आवाज आला.

"कोण आहे?"

"मी आहे, आई."

मावशी उठल्या. तीस वर्षं जो बोळ रिकामा होता त्यात त्या नेहमीच्या वेगाने शिरल्या.

गेले पाच दिवस ज्या आवाजाला नाना घाबरत होते तो त्यांनी स्वयंपाकघरात, सरकत्या दाराची पट्टी हातात असताना ऐकला. पहिला विचार मनात आला तो असा, की आपण बोळात काय सोडलं? त्यांनी सकाळपासूनच्या वस्तू मोजल्या. चौदा. चौदाच्या चौदा समोर होत्या. मग ते बाहेर धावले.

मावशी भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. कोपर खरचटलं होतं. मुलगा गुडघ्यांवर बसून त्यांची बोटं एकेक करून हलवायला लावत होता. चेहरा पांढरा पडला होता, पण पद्धत सुटली नव्हती.

"दुखतंय कुठे? डोकं आपटलं का? किती बोटं... बरं, ते राहू दे."

"काही मोडलेलं नाही," मावशी म्हणाल्या. "मोडल्याचा आवाज मला माहीत आहे."

मुलगा खाली बसला. "आई, मला आनंद होत नाहीये हे बोलताना. पण आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं," मावशी म्हणाल्या. एवढंच. दिलेला शब्द फिरवायची त्यांना सवय नव्हती. त्या भिंत चाचपत उभ्या राहिल्या आणि एकदम चार इंच बुटक्या वाटू लागल्या.

नाना पट्टी हातात घेऊन तिथेच उभे होते. दुसऱ्याच्या घरच्या बोलण्यात मिस्त्रीने पडायचं नसतं, हा धंद्याचा नियम. पण मिस्त्रीने चादर अंथरायची, असाही कुठे नियम होता.

"मावशी," ते म्हणाले, "कशाला अडखळलात, तेवढं तरी बघा."

मावशींनी हात खाली केला. बोटांना चाकं लागली, मग दांडा, मग चेन.

"माझी आहे," मुलगा म्हणाला. "दोन मिनिटांसाठी ठेवली होती. उचलणारच होतो."

हे वाक्य नानांच्या चांगल्या ओळखीचं होतं. तीस वर्षं ते स्वतःच बोलत आले होते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्यांना आपली वस्तू चोरीला गेल्यासारखं वाटलं.

"साहेब, मीही उचलणारच असतो," नाना म्हणाले. "नेहमी."

"मिस्त्री, मुद्दा बॅगेचा नाही. मान्य, माझी चूक. पण आज बॅग आहे, उद्या आणखी काही असेल. कुणीतरी काहीतरी ठेवणारच. आत्ता तुमच्या त्या स्वयंपाकघरात बघा काय काय आहे. तिथे ती गेली तर?"

"जातात की. रोज जातात."

मुलाने आत डोकावून पाहिलं. दारं, चादर, भुसा, ड्रिलची वायर, ओट्यावर पटाशी. कारखान्यात असं दृश्य दिसलं असतं तर त्याने तो विभागच बंद केला असता.

"आई, तू आत जाणार नाहीस."

"तू इतक्या लांबून आलास," मावशी म्हणाल्या, "चहा तरी टाकायला हवा." आणि उंबऱ्याशी जाऊन उभ्या राहिल्या. "वाचा, मिस्त्री."

नानांनी घसा साफ केला.

"उंबरा. उजवीकडे भिंतीशी दोन दारं उभी, कागदात गुंडाळलेली. तुम्ही डावीकडून. तीन पावलं मोकळी. तिसऱ्याला चादरीची कड. चादरीवर भुसा, टोचणारं काही नाही."

मावशी निघाल्या. मुलगा हात पुढे करून मागे निघाला.

"साहेब, हात काढा. मध्ये कुणी आलं की ओळ चुकते."

मुलाने हात मागे घेतले आणि पाठीशी धरून ठेवले.

"चादर संपली. पुढे वायर, जमिनीला चिकटवलेली. उंच पाऊल. बरोबर. एक पाऊल, ओटा. शेगडीच्या डावीकडे वीतभर पटाशी आहे, धार भिंतीकडे. पातेलं त्याच्या जागी. गाळणं त्याच्या खिळ्याला."

मावशींनी पाणी घेतलं. शेगडी पेटवली. तिसऱ्या डब्यातून साखर घातली. मग त्या स्टुलाकडे वळल्या.

"थांबा," नाना म्हणाले.

मावशी एक पाय उचललेला तसाच ठेवून थांबल्या. मुलाचा श्वास ऐकू आला.

"स्टूल. सकाळी मी हलवलंय. खिडकीकडे, हातभर. वाचायचं राहिलं."

"राहिलं कुठे?" मावशी म्हणाल्या. "वाचलंत की." त्यांनी हातभर पलीकडे स्टूल शोधलं आणि चहा उकळेपर्यंत त्यावर बसून राहिल्या.

तिघांनी उभ्याउभ्या चहा घेतला. बसायला एकच स्टूल होतं आणि ते कुणी हलवायला तयार नव्हतं.

"ठीक आहे," मुलगा चहा संपवून म्हणाला. "पण यांचं काम दोन दिवसांत संपेल. मग नळवाला येईल, रंगवाला येईल. ते काय वाचून दाखवणार आहेत?"

"यांना तरी कुठे येत होतं? पहिल्या दिवशी हे फक्त तोंड धुऊन गेले होते."

"भांगसुद्धा पाडला होता," नाना म्हणाले.

"शिकवलं, तर शिकले. पुढच्याला शिकवीन. हट्टी आहे मी, तुला माहीत आहे." मावशींनी कप खाली ठेवला. "हे बघ, मी पडले हे खरं. तू म्हणशील तर येईन, शब्द दिलाय. फक्त एक सांग. तुमच्या कारखान्यात कामगार असा पडला तर वहीत काय लिहिता?"

"कशामुळे पडला, ते."

"आणि मग त्याला कायमचं घरी बसवता?"

मुलाने कपात पाहिलं. कपात काही नव्हतं. हे त्याचं स्वतःचं खातं होतं, यात त्याला गोलमाल उत्तर देता येईना.

"नाही," तो म्हणाला. "आधी वाट मोकळी करतो."

मावशींनी कप गोळा केले. मुलगा चादरीच्या कडेकडेने, वायरवरून उंच पाऊल टाकत बोळात गेला. तो वाकल्याचा आणि चाकं उचलली गेल्याचा आवाज आला. मग आवाज थांबला. बॅग हातात धरून तो तिथेच उभा असावा.

"आई," त्याने विचारलं, "ही कुठे ठेवू?"

"माझ्या पलंगाच्या पायथ्याशी. भिंतीला लावून, चाकं आत."

तो आत गेला. मावशी मागोमाग गेल्या, अनवाणी पायाने कड तपासली आणि म्हणाल्या, "बोटभर बाहेर आहे." त्याने बॅग बोटभर आत सारली. मावशींनी पुन्हा पाय लावला आणि काही बोलल्या नाहीत.

मग त्याने घरी फोन लावला. वरची खोली एवढ्यात कुणासाठी अडवून ठेवायला नको, मुलांना अभ्यासाला वापरू दे, असं तो बायकोला सांगत असताना स्वयंपाकघरातून ड्रिल सुरू झालं. पुढचं त्याला जरा मोठ्याने सांगावं लागलं.